दात बधिर होतो तेव्हा आत नक्की काय बंद पडतं?

चिंचोका | सोमवार, रात्री १०:४०

गेल्या मंगळवारी उजवीकडची खालची दाढ अशी काही ठणकायला लागली की दादरला उतरल्यावर ऑफिसला न जाता तशीच डेंटिस्टकडे गेले. एक्स-रे झाला, भुलीचं इंजेक्शन झालं. दहा मिनिटांत ओठ बटाटेवड्याएवढा झालाय आणि हनुवटी दुसऱ्याच कुणाची तरी आहे असं वाटायला लागलं. म्हटलं चला, सुटले. आणि ड्रिल दाढेला टेकलं मात्र, मी खुर्चीतून वीतभर उडाले! पुन्हा इंजेक्शन. पुन्हा तेच. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आत पू धरलाय, आज भूल चढायची नाही. पाच दिवस गोळ्या घ्या आणि या."

घरी आले तर नववीतले चिरंजीव उलटतपासणीला बसले. दुखणं दाढेतून डोक्यात "जातं" म्हणजे काय जातं? वायरीतून जाते तशी वीज? मग इंजेक्शन म्हणजे स्विच का? ओठाचा स्विच बंद झाला तर दाढेचा का नाही? मी वेळ मारून नेली. रात्री शोधलं तर सगळीकडे एकच शब्द: आयन वहिनी. पुढचं काही डोक्यात शिरलं नाही. इथे कुणी डॉक्टर किंवा शास्त्रवाले असतील तर सोप्या मराठीत सांगा. शुक्रवारी परत त्या खुर्चीत बसायचंय.

खारीबिस्कीट | रात्री १०:५२

आयन *वहिनी*??? कुणाच्या गं? 😂

चिंचोका | रात्री १०:५५

अरे देवा. वाहिनी, वाहिनी! काना राहिला. आता संपादन करत नाही, राहू दे.

गिरगावचा_गण्या | रात्री ११:०४

पहिलं इंजेक्शन मुदत संपलेलं असणार. माझ्या साडूच्या बाबतीत हेच झालं होतं. डॉक्टर बदला.

भूलवाली | रात्री ११:४८

गण्याभाऊ, मुदत संपलेलं असतं तर ओठ तरी कसा बधिर झाला असता? डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय. मी भूलतज्ज्ञ आहे, आता ड्यूटीवरच आहे, रात्र शांत आहे (नजर नको लागायला), म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पेशीचं पटल म्हणजे तेलाचा पापुद्रा समजा. फोडणीच्या तेलात मीठ टाकून बघा, विरघळत नाही, तळाशी बसतं. तसंच विद्युतभार असलेला कण, म्हणजे आयन, या पापुद्र्यातून आपण होऊन जाऊ शकत नाही. त्याला दार लागतं. पटलात आरपार बसवलेलं, मधून भोक असलेलं प्रथिन हे ते दार. हीच आयन वाहिनी. (वहिनी म्हणालात तरी चालेल, दार उघडायचं की नाही हे त्याच ठरवतात.)

चेतापेशीच्या बाहेर सोडियम भरपूर, लिटरला साधारण १४५ मिलिमोल, आत दहा-पंधरा. पोटॅशियमचं उलटं, आत १४० च्या आसपास आणि बाहेर जेमतेम ४. शांत असताना आतली बाजू बाहेरच्या मानाने ७० मिलिव्होल्ट ऋण. ७० मिलिव्होल्ट म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण पापुद्रा आहे पाचेक नॅनोमीटरचा. एवढ्याशा जाडीवर हा विजेचा दाब म्हणजे सेंटीमीटरला एक लाख व्होल्टहून जास्त! सोडियमच्या वाहिन्यांना हा दाब जाणवतो. एका ठिकाणी तो जरा ढिला पडला की तिथल्या वाहिन्या उघडतात, सोडियम आत घुसतो, आतली बाजू क्षणभर धन होते. त्यामुळे शेजारचा दाब ढिला पडतो, तिथल्या वाहिन्या उघडतात, मग त्यांच्या शेजारच्या... हे मेंदूपर्यंत.

तुमच्या इंजेक्शनातलं लिग्नोकेन त्या सोडियमच्या वाहिनीत जाऊन बसतं, तेही आतल्या बाजूने. दार उघडलं तरी वाट बुजलेली. लाट तिथेच विरते. दाढ बिचारी ओरडतच असते, डोक्याला काही ऐकू येत नाही.

पू असताना काय होतं ते उद्या. बोलावणं आलं. (बघा, लिहायला नको होतं.)

आजीचा_बटवा | मंगळवार, सकाळी ६:१५

छान समजावलंत हो डॉक्टरीणबाई. चिंचोका, तोवर लवंग धर दाढेत.

स्लोलोकल | सकाळी ८:३१

७:५८ च्या विरार-चर्चगेटमधून लिहितोय. म्हणजे सोडियम दाढेपासून मेंदूपर्यंत पळत जातच नाही? मला आजवर वाटायचं नसा म्हणजे नळ आणि आतून काहीतरी वाहतंय.

भूलवाली | सकाळी ९:२०

नाही जात! सगळा गोंधळ इथेच होतो. सोडियम फक्त बाहेरून आत येतो, आडवा, पाच नॅनोमीटर. उभा प्रवास कुणीच करत नाही. वानखेडेवर लाट येते तेव्हा गरवारे स्टँडातला माणूस उठून तेंडुलकर स्टँडात जातो का? आपल्या जागी उठतो, हात वर करतो, बसतो. लाट मात्र मैदानभर फिरते.

आणि नुकताच उठून बसलेला लगेच पुन्हा उठत नाही, हेही तसंच. उघडलेली वाहिनी एक मिलिसेकंदाच्या आत-बाहेर आपली आपण बंद होते आणि थोडा वेळ कितीही दाब बदला, उघडत नाही. म्हणून लाट उलटी फिरत नाही, पुढेच जाते. मागोमाग पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतात, पोटॅशियम बाहेर पडतो आणि दाब पूर्ववत होतो.

नाडीपरीक्षा | सकाळी १०:०२

आपल्या पूर्वजांनी ७२ हजार नाड्या सांगितल्याच होत्या. आता पाश्चात्त्य तेच नव्या नावाने विकतात.

खारीबिस्कीट | सकाळी १०:०६

त्यातल्या दाढेच्या नाडीचा नंबर कितवा? चिंचोकाला शुक्रवारच्या आत हवाय.

गिरगावचा_गण्या | सकाळी १०:१५

🍿

स्लोलोकल | सकाळी १०:४७

ऑफिसला पोचलो, काम सोडून हिशोब केला. जाड, मज्जावरण असलेल्या तंतूत लाटेचा वेग सेकंदाला १०० मीटरपर्यंत असतो म्हणे. चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर. म्हणजे दहा मिनिटं! आणि ठणक वाहणारे बारीक, आवरण नसलेले तंतू सेकंदाला साधारण १ मीटर. म्हणजे चर्चगेटहून निघालेली ठणक विरारला पोचायला साडेसोळा तासांच्या वर. याहून आमची धीमी बरी, पावणेदोन तासांत टाकते.

एक शंका. आवरण असलं की वेग का वाढतो?

माशीमारे | सकाळी ११:३०

कारण ती फास्ट आहे आणि तुमचा आयडी स्लो. 🙂 मज्जावरण म्हणजे चरबीचं वेटोळं. ते असतं तिथे पटल झाकलेलं, दारं नाहीत. मिलिमीटरभर अंतरावर एक छोटी उघडी फट असते, तिथे सोडियमच्या वाहिन्यांची दाटी. मधलं अंतर विजेचा परिणाम जवळजवळ तत्काळ ओलांडतो, म्हणजे लाट फटीफटीवर उड्या मारत जाते. बोरिवली, अंधेरी, दादर. बारीक तंतूत मात्र प्रत्येक स्टेशन घ्यायचं, नायगावसुद्धा.

पलंगाच्या पायाला करंगळी आपटते तेव्हा हे अनुभवता येतं. आधी चटकन झोंबतं, मग सेकंदभर पूर्ण शांतता असते आणि आपल्याला कळून चुकलेलं असतं की आता येणार आहे... आणि मग ठणक येते. आधीची गाडी पातळ आवरणवाल्या तंतूची, दुसरी उघड्या तंतूची. घटना एकच.

वैतागलेली | सकाळी ११:३४

त्या एका सेकंदात मी जे बोलते ते इथे लिहिता येणार नाही.

चिंचोका | दुपारी १:१०

चिरंजीवांना वानखेडे पटलं, पण त्यांची पुढची तोफ: आत कधी कुणी मोजलंय का, की हे सगळं अंदाजपंचे?

माशीमारे, तुमचा आयडी असा का हो?

माशीमारे | दुपारी ३:२२

आयडी शब्दशः खरा आहे. मी पीएचडीला फळमाश्यांवर होतो, मुंबईतच. लोक विचारायचे, "काय करतोस?" मी सांगायचो, "माशा मारतो." आईला बरेच दिवस ते खरं वाटायचं नाही, नंतर फार खरं वाटायला लागलं.

चिरंजीवांना सांगा, मोजलंय, आणि तेही माकळाच्या नसेत. माकूळ घाबरलं की पाण्याची चूळ मारून मागे पळतं. त्यासाठी सगळं अंग एका क्षणी आवळावं लागतं, म्हणून निसर्गाने त्याला एक प्रचंड जाड तंतू दिलाय, अर्धा ते एक मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांनी दिसतो. १९३९ मध्ये इंग्लंडात प्लिमथला हॉजकिन आणि हक्सली यांनी त्याच्या आत चक्क विद्युतअग्र सरकवलं. अपेक्षा होती की लाट येईल तेव्हा आतला ऋण दाब शून्यावर येईल. तो शून्य ओलांडून धन बाजूला गेला! पुढे लगेच महायुद्ध. सगळी मांडणी छापून आली ती १९५२ मध्ये. समीकरणं सोडवायची होती आणि केंब्रिजचा संगणक नेमका तेव्हा बंद, तर हक्सलीने हाताने दांडा फिरवायच्या यंत्रावर आठवडेच्या आठवडे आकडेमोड केली. १९६३ ला नोबेल. आणि गंमत म्हणजे वाहिनी नावाची वस्तू तोवर कुणी पाहिलेलीही नव्हती. फक्त आकडे सांगत होते की असं काहीतरी असायला हवं.

भाऊच्या_धक्क्यावरून | दुपारी ३:४०

माकूळ म्हणजे स्क्विड की कटलफिश? आमच्याकडे दोघांनाही माकूळ म्हणतात. भाव मात्र वेगळा लावतात.

केळवेकर | दुपारी ३:५१

लांबट ते नळ माकूळ. तेच असणार. रिंगा करून तळा, नाहीतर लसणीवर परता, पण तीन मिनिटांच्या वर ठेवू नका, चिवट होतं.

खारीबिस्कीट | दुपारी ३:५५

नोबेल मिळालेला प्राणी तुम्ही लसणीवर परतताय.

माशीमारे | दुपारी ४:१५

(स्क्विडच. महाकाय स्क्विड नव्हे, साधाच. महाकाय आहे तो तंतू.)

आता एकेक वाहिनी कशी "पाहिली" ते सांगतो, कारण ते मी स्वतः केलंय. जर्मनीत एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी १९७६ मध्ये ही युक्ती काढली, १९९१ ला नोबेल. काचेची नळी तापवून ओढायची, टोक मायक्रोमीटरभर उरतं. ते सूक्ष्मदर्शकाखाली पेशीला हलकेच टेकवायचं आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला रबरी नळी लावून तोंडाने अगदी जरासं ओढायचं, सरबताचा शेवटचा घोट ओढतो त्याहून हलकं. पटल काचेला असं चिकटतं की कडेने प्रवाह गळत नाही. त्या ठिपक्याएवढ्या तुकड्यात नशीब असेल तर एकच वाहिनी सापडते.

मग पडद्यावर सरळ रेघ. रेघ. रेघ. आणि अचानक पायरी! प्रवाह वर चढतो, क्षणभर तिथे राहतो, पुन्हा खाली. दोन-पाच पिकोॲम्पिअर, म्हणजे ॲम्पिअरच्या लाख कोटीव्या भागाचे दोन-पाच. एक रेणू तुमच्या डोळ्यांसमोर दार उघडतोय आणि लावतोय. अर्धवट काही नाही, उघडं किंवा बंद. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. सांगायला कुणी नव्हतं, तर खाली जाऊन वॉचमनकाकांना उठवलं. ते वर आले, रेघ बघितली, म्हणाले, "लाईट जातेय-येतेय का?" इतकं अचूक वर्णन मी माझ्या प्रबंधातही केलेलं नाही.

भूलवाली | दुपारी ४:४०

वॉचमनकाकांना सलाम! ❤️

खारीबिस्कीट | दुपारी ५:०५

शंका. सोडियम लहान, पोटॅशियम मोठा, बरोबर? मग पोटॅशियमच्या वाहिनीतून लहानगा सोडियम का सटकत नाही? मोठ्या भोकाच्या चाळणीतून रवा पडायलाच हवा ना?

माशीमारे | सायंकाळी ७:५०

वा, काय प्रश्न विचारलात! या कोड्याने लोकांना कित्येक वर्षं छळलं.

पाण्यात आयन एकटा नसतो, भोवती पाण्याच्या रेणूंचा रेनकोट असतो. दार इतकं अरुंद की रेनकोट काढल्याशिवाय प्रवेश नाही. आणि रेनकोट काढायला ऊर्जा लागते, कारण तो त्याला घट्ट धरून असतो. पोटॅशियमच्या वाहिनीच्या गळ्यात प्राणवायूचे अणू अशा बेताने बसवलेत की पोटॅशियमला आपल्या रेनकोटातल्या पाण्याने धरलं होतं तसंच ते धरतात. एक सोडला, दुसरा मिळाला, तोटा शून्य. सोडियम लहान पडतो. चारी बाजूंचे ते अणू त्याला नीट पोचतच नाहीत. मग तो म्हणतो, माझा रेनकोटच बरा, आणि बाहेर राहतो. चाळणी मापाची नाहीच, मिठी किती घट्ट बसते याची आहे. हजार पोटॅशियम जातील तेव्हा एखादा सोडियम चुकून गेला तर गेला, आणि तरी वेग सेकंदाला कोटीच्या घरात.

रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये मातीतल्या एका जिवाणूच्या वाहिनीची क्ष-किरणांनी रचना काढली तेव्हा ते अणू डोळ्यांनी दिसले. शिक्षण डॉक्टरकीचं, स्फटिकांचं शास्त्र नंतर शिकले. २००३ ला नोबेल.

गिरगावचा_गण्या | सायंकाळी ८:०२

म्हणजे वहिनी पोटॅशियमभावजींना ओल्या रेनकोटाबद्दल टॉवेल देतात आणि सोडियमभावजींना दारातूनच "हे घरी नाहीत".

माशीमारे | सायंकाळी ८:०५

गण्याभाऊ, मला वीस ओळी लागल्या.

आजीचा_बटवा | बुधवार, सकाळी ६:२०

पोटॅशियमवरून आठवलं. आमच्या ह्यांची बीपीची गोळी चालू आहे, वर्षातून दोनदा रक्त तपासतो. मागच्या पावसाळ्यात एका लॅबचा मुलगा घरी आला. नस सापडेना. दंड करकचून बांधला, तीनदा टोचलं, थेंबथेंब ओढून घेतलं. संध्याकाळी फोन, "पोटॅशियम ६.८, ताबडतोब ॲडमिट करा." ठाण्याहून भर पावसात रिक्षा मिळेना, शेजारच्यांनी गाडी काढली. हे आपले शांत, "मला काही होत नाहीये" म्हणताहेत. रात्रभर छातीला वायरी. पहाटे पुन्हा तपासलं तर ४.३! बिल मात्र पहिल्या आकड्याचंच आलं. हे असं कसं होतं?

भूलवाली | सकाळी ७:०५

काकू, वर लिहिलं ना, पोटॅशियम पेशीच्या आत ठासून भरलेलं असतं. लाल पेशींच्याही. बारीक सुईने जोरात, अडखळत रक्त ओढलं की पेशी फुटतात आणि आतला माल सिरममध्ये सांडतो. नमुना गुलाबी दिसतो. तो बघून लॅबने पुन्हा रक्त मागवायला हवं होतं, तुमचं बरोबर आहे. पण ६.८ आकडा बघून ॲडमिट करणाऱ्या डॉक्टरांचं चुकलं म्हणवत नाही. खरंच तेवढं असतं तर बाहेर-आतला फरक कमी होऊन हृदयाच्या पेशींचा तसाच, ९० मिलिव्होल्टच्या आसपासचा दाबच ढासळतो, ठोका बिघडतो. त्याच कारणाने शिरेतून पोटॅशियम द्यायचं तर आम्ही थेंबाथेंबाने देतो, कधीच एकदम नाही.

केळवेकर | सकाळी ९:१५

सलाइनचा विषय निघालाच आहे तर. ती आरएल लिहिलेली बाटली असते ना, रिंगर लॅक्टेट, त्यातले रिंगर म्हणजे सिडनी रिंगर, लंडनचे डॉक्टर. १८८० च्या दशकात बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून धडधडत ठेवायचा प्रयोग. छान चाललं. मग कळलं की मदतनिसाने ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाचं पाणी वापरलेलं. शुद्ध पाणी घेऊन पुन्हा केलं तर हृदय थांबलं! लंडनच्या नळाला कॅल्शियम होतं. हृदयाच्या स्नायूला आकुंचनासाठी बाहेरून कॅल्शियम आत यावं लागतं, हे असं कळलं.

वैतागलेली | सकाळी ९:२१

आमच्या सोसायटीच्या नळाच्या पाण्याने बेडूकच उठून चालायला लागेल.

ठेचाप्रेमी | सकाळी ११:४०

या वाहिन्या फक्त दाबानेच उघडतात का? मग मिरची का झोंबते?

माशीमारे | दुपारी १२:२८

नाही, किल्ल्या वेगवेगळ्या. कुठली दाबाने, कुठली रसायनाने, कुठली ताणल्याने, कुठली तापमानाने. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या वाहिनीत बसतं ती मुळात उष्णतेची, ४३ अंशांच्या वर उघडणारी. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने ती शोधली, २०२१ चं नोबेल त्यांना आणि स्पर्शाच्या वाहिन्या शोधणाऱ्या आर्डेम पातापूतियान यांना मिळून. ठेचा खाल्ल्यावर "तोंड भाजलं" म्हणतो ते मज्जातंतूंच्या दृष्टीने सरळ सत्य आहे, घंटा तीच वाजते. पुदिन्याचं उलटं, मेंथॉल थंडीच्या वाहिनीची घंटा दाबतं. पक्ष्यांच्या वाहिनीत कॅप्सेसिन बसत नाही. पोपट लवंगी मिरची काकडीसारखी खातो ती त्यामुळे.

ठेचाप्रेमी | दुपारी १२:३३

आमच्या नागपूरच्या काकांची पण वाहिनी पोपटाची असणार.

महाडकर_पनवेल | दुपारी २:१०

विंचवाचा उल्लेख कुणी केला नाही, आश्चर्य आहे. लाल विंचवाचं विष याच सोडियमच्या वाहिन्यांना वेळेवर बंद होऊ देत नाही. लिग्नोकेनच्या बरोबर उलट. दार उघडंच राहतं, नसा पेटतच राहतात, अंगात ॲड्रेनलिनचा पूर येतो. घाम, गार पडलेले हातपाय, आणि मग फुफ्फुसात पाणी भरून माणूस जायचा. आमच्या लहानपणी कोकणात हे दर उन्हाळ्यात ऐकायला मिळायचं, लहान मुलं जास्त. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबाची साधी गोळी, प्राझोसिन, यावर वापरून दाखवली आणि गावातल्या दवाखान्यातून लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. २०२२ ला पद्मश्री मिळाली.

केळवेकर | दुपारी २:२५

आणि केंड मासा, म्हणजे पफरफिश? जाळ्यात आला तर आमचे लोक हात लावत नाहीत.

भूलवाली | दुपारी ३:०१

योग्यच करतात. त्याचं विष त्याच वाहिनीत बूच मारतं, पण बाहेरच्या तोंडाशी. लिग्नोकेन आतून, केंड बाहेरून. फरक असा की लिग्नोकेन मी मोजून, एका नसेभोवती देते. केंड पोटात गेला तर सगळ्या अंगाच्या नसा. माणूस शुद्धीत असतो आणि श्वासाचे स्नायू हलत नाहीत. शिजवूनही ते विष जात नाही. कुणीही प्रयोग करू नका.

चिंचोका | सायंकाळी ६:४५

धागा कुठून कुठे गेला, मजा येतेय. पण भूलवालीताई, पू!! परवा शुक्रवार.

भूलवाली | रात्री ९:३०

हो हो, विसरले नाही.

लिग्नोकेन दोन रूपांत असतं, भार असलेलं आणि नसलेलं. तेलाच्या पापुद्र्यातून फक्त भार नसलेलं रूप पार होतं. आत गेल्यावर त्याला पुन्हा भार चिकटतो आणि ते वाहिनीत बसतं. पू असेल तिथे आम्लता वाढलेली असते. आम्लात औषधाचे बहुतेक रेणू बाहेरच भार घेऊन बसतात, पटल ओलांडू शकत नाहीत. औषध दारापर्यंत आलं, आत गेलंच नाही.

स्लोलोकल | रात्री ९:५८

एक मिनिट. खालच्या दाढेला इंजेक्शन जबड्याच्या पार मागे देतात ना? मला दिलं होतं, आठवतंय. पू दाढेच्या मुळाशी, सुई दोन-तीन इंच मागे. मागे आम्लता कुठून आली? शिवाय चिंचोकाचा ओठ बधिर झाला होता, म्हणजे मागची मुख्य नस बंद झालीच होती. तरी दाढ दुखली. तुमचा हिशोब जुळत नाही, ताई.

भूलवाली | रात्री १०:४१

पकडलंत. आम्ही परीक्षेत आम्लतेचं कारण लिहितो आणि मार्क घेतो, पण खालच्या दाढेला ते एकटं पुरत नाही हे खरं आहे. वरच्या दाताला जागेवरच सुई देतात, तिथे ते जास्त लागू पडतं.

खालच्या दाढेत दुसरी गोष्ट मोठी. बरेच दिवस सूज असली की ती नसच बदलते. सुजेतल्या रसायनांनी दुखण्याचे तंतू हळवे होतात, एरवी ज्याने काही झालं नसतं त्यानेही पेटतात. त्यातल्या सोडियमच्या वाहिन्यांची संख्या आणि जातही बदलते. आपल्या शरीरात दाबाने उघडणाऱ्या सोडियमच्या वाहिन्यांच्या नऊ जाती आहेत. ओठाच्या शांत तंतूंना गप्प करायला जेवढं औषध पुरलं तेवढ्याने हे चवताळलेले तंतू गप्प होत नाहीत. एखादीच लाट निसटली तरी खुर्चीतून उडायला ती पुरते.

आणि दाबल्याचं कळतं पण दुखत नाही असंही पुष्कळांना होतं, त्याचं कारण स्लोलोकलच्या हिशोबातच आहे. बारीक तंतू आधी बंद पडतात, जाड उशिरा. दुखणं बारीक तंतूंतून, दाबल्याची जाणीव जाडांतून. शुक्रवारी दाढ हलवल्यासारखी वाटली तर घाबरू नका.

माशीमारे | रात्री ११:१५

त्या नऊ जातींवरून. काही माणसांत जन्मतःच दुखण्याच्या तंतूंतली एक जात निकामी असते. २००६ मध्ये पाकिस्तानातल्या काही कुटुंबांत हे सापडलं. स्पर्श कळतो, गरम-गार कळतं, दुखत मात्र काहीच नाही. ऐकायला वरदान, पण मुलांच्या जिभा चावून तुटलेल्या, हाडं मोडलेली कळत नव्हती. तिथून औषधवाल्यांनी विचार सुरू केला की तेवढीच जात बंद केली तर? शेजारच्या दुसऱ्या जातीवर नेम धरणारी एक वेदनाशामक गोळी अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये मंजूरही झाली. अफूच्या वाटेने न जाणारी.

आणि गावचा अभिमान म्हणून एक. सोडियमची वाहिनी बिघडलेल्या माश्या असतात, तापमान २९ अंशांवर गेलं की धपकन लुळ्या पडतात, गार केलं की उठून उडायला लागतात. त्यांच्या नसांत नेमकं काय थांबतं हे दाखवणाऱ्या १९७६ च्या निबंधाचे एक लेखक आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरचे (टाटा मूलभूत संशोधन संस्था) ओबेद सिद्दिकी, दुसरे सेमूर बेंझर. टीआयएफआरमध्ये रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सिद्दिकींनीच १९६२ मध्ये सुरू केला.

वैतागलेली | रात्री ११:१९

२९ अंश? मुंबईत या माश्या ऑक्टोबरात उठतच नसतील.

स्लोलोकल | रात्री ११:२२

मीही नाही उठत.

नाडीपरीक्षा | गुरुवार, सकाळी ८:१२

(प्रकाटाआ: प्रतिसाद काढून टाकला आहे)

चिंचोका | शुक्रवार, रात्री ९:१२

झालं!! एका इंजेक्शनात काम. ड्रिल सुरू केल्यावर मी आधी पाच मिनिटं हात आवळून बसले होते, मग लक्षात आलं की दुखतच नाहीये. दाबल्याचं कळत होतं, भूलवालीताईंनी सांगितलं तस्सं. डॉक्टरांना विचारलं, "बारीक तंतू आधी का हो?" ते दोन सेकंद माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "तुम्ही काय करता?" म्हटलं, बँकेत आहे.

चिरंजीवांनी विज्ञानाच्या वहीत वानखेडेचं चित्र काढलंय. खाली शीर्षक "आयन वहिनी". मी सांगितलं दुरुस्त कर, तर म्हणे तुझ्या धाग्यात तसंच आहे.

ओठ अजून परत आलेला नाही. तीन तास झाले. चहा सांडतेय.

भूलवाली | रात्री ९:४०

येईल. औषधात ॲड्रेनलिन मिसळलेलं असतं, रक्तवाहिन्या आवळून ते औषध जागेवर टिकवतं. हळूहळू रक्तात वाहून जाईल. वाहिनीला काही झालेलं नसतं, बूच निघालं की काम चालू. तोवर गरम चहा नको, ओठ भाजला तर कळणार नाही. आणि चावू नका.

आजीचा_बटवा | रात्री ९:४४

मऊ भात खा गं. आणि लवंग आता काढ तोंडातली.

गिरगावचा_गण्या | रात्री १०:०३

डॉक्टर चांगला दिसतोय. दादरला नेमका कुठे? विपूत (विचारपुशीत) कळवा, माझीही एक दाढ आहे.